सी-४ प्रकाशसंश्लेषण

सी-४ प्रकाशसंश्लेषण ही ऊस, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, राजगिरा इत्यादी वनस्पतींत आढळणारी प्रकाशसंश्लेषणाची एक पद्धत आहे. या वनस्पती हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम चार कार्बन अणू असलेल्या सेंद्रिय आम्लात बांधतात, यावरून हे नाव पडले. भात, गहू, हरभरा, कापूस यांसह बहुसंख्य वनस्पतींत तयार होणारा पहिला स्थिर पदार्थ तीन कार्बन अणूंचा असतो; त्यांना सी-३ वनस्पती म्हणतात. सपुष्प वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे ३ टक्के जातीच सी-४ आहेत; तथापि जमिनीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणात त्यांचा वाटा जवळपास एक चतुर्थांश मानला जातो.

रुबिस्कोची मर्यादा

सर्व हिरव्या वनस्पतींत कार्बन डाय-ऑक्साइडपासून शर्करा तयार करणारे चक्र एकच आहे. ते केल्विन चक्र या नावाने ओळखले जाते. त्याची पहिली पायरी रुबिस्को हे विकर घडवून आणते. हे विकर अतिशय मंद आहे. एक रेणू सेकंदाला साधारण तीनच अभिक्रिया पूर्ण करतो, त्यामुळे पानाला त्याचा प्रचंड साठा बाळगावा लागतो. याहून गंभीर बाब अशी की, कार्बन डाय-ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत रुबिस्कोला पुरता भेद करता येत नाही. त्याने ऑक्सिजन स्वीकारल्यास निरुपयोगी पदार्थ तयार होतो. तो पुन्हा उपयोगात आणताना ऊर्जा खर्ची पडते व आधी बांधलेला काही कार्बन हवेत परत जातो. या प्रक्रियेस प्रकाशश्वसन म्हणतात. रुबिस्कोचा उगम झाला तेव्हा वातावरणात मुक्त ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे हा दोष त्या काळी दोष ठरत नव्हता.

तापमान वाढते तसे प्रकाशश्वसनही वाढते. कोरड्या उन्हात पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे मिटली की पानातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो, ऑक्सिजन साचतो आणि नुकसानीत भर पडते.

पानाची रचना व कार्य

सी-४ वनस्पतींत रुबिस्को बदललेले नाही. त्याची जागा बदललेली आहे. उसाच्या पानाचा आडवा छेद घेतल्यास प्रत्येक शिरेभोवती जाड भित्तिकांच्या मोठ्या पेशींचे कडे दिसते आणि त्याबाहेर पर्णमध्य पेशींचे दुसरे कडे असते. जर्मन भाषेत माळेला किंवा पुष्पचक्राला ‘क्रान्झ’ म्हणतात, म्हणून या मांडणीस क्रान्झ रचना असे नाव मिळाले. वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे वर्णन केले होते, परंतु तिचे प्रयोजन पुढे अनेक दशके अज्ञात राहिले.

हवेतील वायू प्रथम बाहेरच्या पर्णमध्य पेशींत शिरतो. तेथे फॉस्फोइनॉलपायरुव्हेट कार्बॉक्सिलेज हे विकर त्याला बायकार्बोनेटच्या रूपात पकडते. या विकराला ऑक्सिजनची भूल पडत नाही. तयार झालेल्या ऑक्झॅलोॲसिटिक आम्लाचे उसात मॅलिक आम्लात रूपांतर होते आणि ते पेशींमधील सूक्ष्म मार्गांनी आतील कड्यात पोहोचते. तेथे त्याचे विघटन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा होतो. जाड भित्तिकांमुळे तो सहजी बाहेर निसटत नाही व त्याचे प्रमाण बाहेरच्या पेशींच्या कित्येक पट होते. रुबिस्को याच पेशींत असते. उसात आतील हरितलवकांत पाण्याचे विघटन करणारी यंत्रणाही अत्यल्प असते, त्यामुळे तेथे ऑक्सिजन फारसा तयारच होत नाही. उरलेले तीन कार्बनचे पायरुव्हेट बाहेरच्या पेशीत परतते व पुढच्या फेरीसाठी सज्ज केले जाते.

ऊर्जेचा हिशेब

ही वाहतूक फुकट होत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू बांधण्यासाठी केल्विन चक्राला एटीपीचे ३ रेणू लागतात. उसासारख्या सी-४ वनस्पतीला एकूण ५ लागतात. उष्ण प्रदेशातील भर उन्हात प्रकाशश्वसन टळल्याने हा जादा खर्च भरून निघतो, मात्र थंड किंवा सावलीच्या जागी सी-३ पद्धतच सरस ठरते. गहू-हरभरा थंडीत आणि बाजरी पावसाळ्याच्या उबेत चांगली येते, यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे.

कमी उघडलेल्या पर्णरंध्रांतूनही पुरेसा वायू मिळत असल्याने सी-४ वनस्पती ठरावीक वजनाचा पाला-खोड तयार करण्यास सी-३ वनस्पतींपेक्षा कमी पाणी वापरतात. यावरून ऊस हे कमी पाण्याचे पीक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. महाराष्ट्रातील आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने उभा असतो आणि त्याचे एकूण वजनही प्रचंड असते, त्यामुळे दर हेक्टरी लागणारे पाणी ज्वारीच्या कित्येक पट भरते, जरी दोन्ही पिके सी-४ असली तरी.

शोध

केल्विन चक्राचा उलगडा किरणोत्सर्गी कार्बन-१४ वापरून मुख्यतः एकपेशीय शैवालांवर झाला होता. हवाई बेटांवरील ऊस-बागायतदार संघटनेच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कोर्टशाक व त्यांचे सहकारी हेच तंत्र उसावर वापरत होते. अपेक्षित तीन कार्बनच्या आम्लाऐवजी त्यांना किरणोत्सर्ग प्रथम मॅलिक व ॲस्पार्टिक आम्लांत आढळला. युरी कारपिलोव्ह यांनी मक्यातील तसेच निरीक्षण १९६० मध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध केले, पण त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. कोर्टशाक यांचा निबंध १९६५ मध्ये आला. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ पासून या मार्गाच्या पायऱ्या क्रमाने सिद्ध केल्या, म्हणून त्यास हॅच-स्लॅक मार्ग असेही म्हणतात.

प्रसार व उपयोग

ही पद्धत एकाच पूर्वजाकडून आलेली नसून उत्क्रांतीत साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली आहे. हरळी आणि लव्हाळा ही शेतकऱ्याला जेरीस आणणारी तणे सी-४ आहेत. भातशेतीत त्यांचा जोर वाढण्यास हाही एक हातभार लागतो. घोळ या भाजीत तर सी-४ मार्गाच्या जोडीला निवडुंगासारख्या वनस्पतींतील रात्री वायू साठविण्याची पद्धतही आढळते. भातात सी-४ यंत्रणा आणण्याचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न २००८ पासून चालू आहेत. केवळ विकरांची जनुके घालून भागत नाही, पानाची शरीररचनाही बदलावी लागते, हा त्यातील मुख्य अडसर आहे.

दोन्ही गटांतील वनस्पती जड कार्बन-१३ वेगवेगळ्या प्रमाणात स्वीकारतात. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर सी-३ वनस्पतींचे मूल्य उणे २७ प्रति हजारच्या आसपास, तर सी-४ वनस्पतींचे उणे १३ च्या आसपास येते. मधमाश्या मकरंद प्रामुख्याने सी-३ वनस्पतींच्या फुलांतून गोळा करतात, त्यामुळे मधात उसाची साखर किंवा मक्याचा पाक मिसळला असल्यास या मापनातून ती भेसळ उघड होते. भाताच्या पाकाची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही, कारण भात स्वतःच सी-३ आहे.