फुलरटनचा अ‍ॅम्प्लिफायर आणि आपला रेडिओवाला

‘आपापल्या क्षेत्राविषयी काहीतरी लिहा’ असा स्मरणिकेच्या संपादकांचा आग्रह झाला. माझं क्षेत्र म्हणजे व्हॉल्व्हची जुनी यंत्रं पुन्हा बोलती करणं. त्यातल्याच एका यंत्राचा इतिहास इथे सांगतो. सरांनी फळ्यावर काढलेला ट्रायोड ज्यांना आठवतो, त्यांना तो ओळखीचा वाटेल.

१९०४ मध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी निर्वात काचनळीत तापलेली तार आणि धातूची पट्टी बसवून डायोड तयार केला. दोनच वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक तार घातली. हीच ती ‘ग्रीड’, जी काढायला विसरलं की आपले गुण जायचे. ग्रीडवरचा दाब जरासा बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. रेडिओ आणि बोलपट याच तत्त्वावर घरोघरी आणि गावोगावी पोचले.

१९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन इथे लिओ फेंडर यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे ते गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागले. १९५० च्या दशकातला त्यांचा ‘चॅम्प’ म्हणजे साधेपणाचा कळस. त्यात व्हॉल्व्ह तीनच. ५वाय३ एसीचा डीसी करतो, १२एएक्स७ गिटारचा क्षीण संकेत वाढवतो आणि ६व्ही६ स्पीकर हलवतो. ताकद जेमतेम ५ वॉट. रेडिओवाल्याने बनवलेलं हे यंत्र रेडिओवाल्याला सहज कळावं असंच होतं.

असाच एक चॅम्प गेल्या वर्षी माझ्याकडे आला. जहाजावरच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका गोवेकर वादकाने तो आणला होता आणि आता त्यांचा नातू तो घेऊन आला. पेटीच्या आत चिकटवलेल्या कागदावर ‘एचडी’ असा शिक्का होता. या कंपनीच्या संकेतात पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं, म्हणजे एप्रिल १९५८.

यंत्र ११७ व्होल्टचं असल्याने स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर लावलं. दिवा लागला, व्हॉल्व्ह तांबूस झाले, पण आवाज नाही. मुकेपणाचेही प्रकार असतात. स्पीकरला कान लावल्यावर बारीक घरघर ऐकू आली, तर शेवटचा टप्पा बहुधा जिवंत असतो आणि दोष अलीकडे शोधायचा. इथे घरघरही नव्हती. स्पीकरची कॉइल मीटरवर शाबूत निघाली. मग ६व्ही६ पाहिला. चौथ्या पिनवर, म्हणजे स्क्रीनवर, ३०० व्होल्टहून जास्त. तिसऱ्या पिनवर, म्हणजे प्लेटवर, शून्य. प्लेटला दाब आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतूनच मिळतो. ती गुंडाळी तुटली होती. प्लेट बंद पडली की सगळा भार स्क्रीनवर येतो आणि ती लाल होऊन व्हॉल्व्ह जातो, म्हणून लगेच बटण बंद केलं. कपॅसिटर बंद यंत्रातही भरलेले राहतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करूनच आत हात घातला.

आत मला खरा इतिहास सापडला. १२एएक्स७ च्या जागी ईसीसी८३ होता. व्हॉल्व्ह तोच, नाव युरोपातलं, आणि काचेवर छाप ‘बीईएल’! १९५४ मध्ये बंगळूरला स्थापन झालेली आपली भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवत असे. आयात परवान्यांच्या त्या काळात अमेरिकन सुटा भाग मिळणं कठीण होतं. म्हणून कुणा रेडिओवाल्याने देशी व्हॉल्व्ह बसवून हे यंत्र चालू ठेवलं. शेजारचे दोन कपॅसिटरही त्याने बदलले होते आणि त्यांचे सांधे आजही चकचकीत आहेत. त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

नातू म्हणाला, “काका, आतलं सगळं काढून नवा बोर्ड बसवला तर?” मी म्हटलं, “आवाज येईल रे, पण आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर राहणार नाही.” तयार ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतून मागवता आला असता. पण मूळ गाभा ठेवून मी तो ओळखीच्या एका वाइंडरकडून पुन्हा गुंडाळून घेतला. त्यांनी जुनी गुंडाळी उलगडताना वेढे मोजले आणि तितकेच नव्याने घातले. बीईएलचा व्हॉल्व्ह तपासून परत त्याच जागी लावला. नातवाने गिटार जोडली आणि पहिला सूर आला, तेव्हा आम्ही तिघंही काही बोललो नाही.

हे वाइंडर आता सत्तरी ओलांडलेले आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकणारं कुणी नाही. व्हॉल्व्हचे कारखाने रशिया, स्लोव्हाकिया, चीन असे मोजकेच उरले आहेत. २०२२ मध्ये रशियातला पुरवठा अडला तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले होते. सुटे भाग पैसे टाकून कधीतरी मिळतील, पण वेढे मोजणारा माणूस गेला की ती विद्याही जाते. म्हणून गुरुजनांना आणि वर्गबंधुभगिनींना एवढीच विनंती, की माळ्यावरचा जुना रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर भंगारात देण्याआधी मला एक फोन करा. आणि घरात सोल्डरिंगची आवड असलेलं नातवंड असेल, तर त्यालाही सोबत पाठवा.