आषाढात पाण्यावरून

तिकिटं काढून झाल्यावर आजीला सांगितलं, ही माझी चूक.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्याची तिकिटं होती. मुंबई ते मस्कत, मस्कत ते सलालाह. ऑफिसमधला रिलीज जूनअखेर संपणार होता, तिघा मित्रांच्या रजा जुळल्या होत्या आणि माझ्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नव्हता. ओमानचं नाव काढलं की लोकांना वाळवंट आठवतं आणि जुलैत तिकडे जाणाऱ्याची कीव येते. मस्कतमध्ये तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतोच. पण दक्षिणेला धोफार नावाचा प्रांत आहे. तिथे जून ते सप्टेंबर धुकं, झिमझिम पाऊस आणि हिरवे डोंगर असतात. अरबस्तानच्या उन्हाळ्यात माळशेज घाट. आखातातले लोक उकाड्याला कंटाळून गाड्या भरभरून तिकडे येतात. त्या ऋतूला 'खरीफ' म्हणतात. हो, आपल्या सातबाऱ्यातला तोच खरीप.

हे सगळं मी आजीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आषाढात पाण्यावरून जाऊ नये, बाळा. नारळ वाहिल्याशिवाय दर्या उघडत नाही."

"आजी, विमान आहे."

"मग खाली काय आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजी ८४ वर्षांची आहे. तिचं माहेर रेवसजवळचं. ती हट्टी नाही, तिला यूट्यूबवर रेसिपी शोधता येतात, आणि तिने आजवर मला कुठेही जाण्यापासून अडवलेलं नाही. म्हणून मी ठरवलं की तिला पुराव्यानिशी पटवून द्यायचं. इंजिनियर माणसाची ही जुनी खोड. समोरच्याला भीती वाटते आहे हे कळलं की आपण लॅपटॉप उघडतो.

सुरुवात वाऱ्याच्या नकाशापासून केली. फोनवर कुठलंही हवामानाचं अ‍ॅप जूनमध्ये उघडा आणि अरबी समुद्र बघा. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, सोमालियाजवळून, एक जाड प्रवाह वळण घेत निघतो आणि कोकणावर येऊन आदळतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. आपला पाऊस घेऊन येणारा वारा तो हाच. वाटेत तो धोफारच्या किनाऱ्याला घासून जातो आणि तिथलं समुद्राचं वरचं पाणी बाजूला ढकलतो. मग खालचं थंड पाणी वर येतं, त्यावरची दमट हवा गार होते, तिचं धुकं होतं आणि ते डोंगरांना अडून बसतं. म्हणजे सलालाहची झिमझिम आणि अलिबागचा मुसळधार पाऊस ही एकाच वाऱ्याची कामं. मी आजीच्या पावसापासून लांब जात नव्हतो, त्याच्याच उगमाकडे जात होतो.

आता प्रश्न असा की माणसं या वाऱ्यात खरंच प्रवास करत नव्हती का?

करत होती, आणि ऐन भर उन्हाळ्यात निघत होती. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेली 'पेरिप्लस' नावाची एक मार्गदर्शिका आहे. लेखकाचं नाव आपल्याला माहीत नाही, पण माणूस माझ्या ओळखीचा वाटतो. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, कुठे गाळ आहे, कुठला राजा त्रास देतो, हे सगळं तो कोरडेपणाने नोंदवत जातो. उत्तम डॉक्युमेंटेशन. भारताकडे जायचं तर इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघा, असं तो सांगतो. हा वारा अवघड आहे, पण अनुकूल आहे आणि वेळ वाचवतो, असंही म्हणतो. रोमन लेखक प्लिनीनेही हेच वेळापत्रक दिलं आहे. भर उन्हाळ्यात निघायचं, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या ओकेलिसला यायचं आणि तिथून ४० दिवसांत मलबारचं मुझिरिस गाठायचं. हिशेब केला की यातली हुशारी कळते. जुलैत इजिप्तमधून निघालेलं जहाज भारताच्या किनाऱ्याजवळ येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. पावसाळ्याचं वारं घ्यायचं, पण पोचायचं ते पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर.

याच पेरिप्लसमध्ये आपलं सोपारा आहे, कल्याण आहे. कल्याणबद्दल एक मजेशीर तक्रारही आहे. तिथे चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भरुचला नेलं जातं, असं लेखक लिहितो. कल्याणला उतरायचं होतं आणि गाडी पुढे घेऊन गेली, हा अनुभव दोन हजार वर्षं जुना आहे.

पण मला खरा धक्का बसला तो धोफारच्या पानावर. तिथे मोशा नावाच्या बंदराची नोंद आहे. लोबान निर्यात करणारं हे बंदर. भरुच किंवा मलबारकडून परतताना ज्या जहाजांना उशीर व्हायचा ती इथे हिवाळा काढत. तिथल्या राजाच्या अधिकाऱ्यांना सुती कापड, धान्य आणि तिळाचं तेल द्यायची आणि बदल्यात लोबान भरायची. बरेच अभ्यासक हे बंदर म्हणजे खोर रोरीचं सुम्हुराम असं मानतात. सुम्हुराम आमच्या प्लॅनमध्ये तिसऱ्या दिवशी होतं, 'अवशेष, फोटो, ४५ मिनिटं' अशा नोंदीसह. तिथल्या उत्खननात भारतीय बनावटीची एक छोटी कांस्यमूर्तीही सापडली आहे.

म्हणजे आजी चूक आणि मी बरोबर? तसं समजून मी पुढे वाचत गेलो, आणि गाडी तिथेच अडली. कारण वारा एकीकडून वाहतो, हे मी विसरलो होतो. जुलैतला वारा तिकडून इकडे येणाऱ्यांचा. इकडून तिकडे जाणाऱ्यांनी थांबायचं असतं.

ही साधी गोष्ट न कळल्याची किंमत वास्को द गामाच्या माणसांनी मोजली. १४९८च्या एप्रिलमध्ये आफ्रिकेच्या मालिंदीहून तो निघाला तेव्हा जहाजावर तिथल्या राजाने दिलेला जाणकार वाटाड्या होता. २३ दिवसांत समुद्र पार झाला. परत जाताना वाटाड्या नव्हता, आणि कालिकतच्या सामुद्रीशी संबंध बिघडलेले. घाईघाईने २९ ऑगस्टला तो कालिकतहून निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून ५ ऑक्टोबरला त्याने खुल्या समुद्रात शिडं सोडली. ईशान्येकडचा वारा अजून लागायचा होता. कधी वारा समोरून, कधी वाराच नाही. जो समुद्र २३ दिवसांत ओलांडला होता, त्याला आता जवळजवळ तीन महिने लागले. लोकांच्या हिरड्या सुजल्या, पाय सुजले. ताजं अन्न नसल्याने होणाऱ्या स्कर्व्हीने या एका टप्प्यात ३० माणसं मेली. जहाजावरच्या कुणीतरी लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे, तिच्यात म्हटलंय की प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे सात-आठ जणच उरले होते. पुढे माणसं पुरेनात म्हणून तीनपैकी एक जहाज त्यांनी स्वतःच जाळून टाकलं. पोर्तुगीज हा धडा विसरले नाहीत. नंतर त्यांची जहाजं भारतातून परत निघायची ती साधारण डिसेंबर-जानेवारीत. 'मान्सून' हा शब्द युरोपात गेला तो त्यांच्याच तोंडून, आणि त्यांनी तो उचलला अरबी 'मौसिम'वरून. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. पावसाशी त्या शब्दाचा मुळात संबंधच नव्हता. तो वेळापत्रकाचा शब्द आहे.

आपल्याकडे हे वेळापत्रक कागदावरही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आहे. पाऊस लागायच्या आधीच जहाजं छावणीला आणावीत, छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, असं त्यात बजावलं आहे. कारण चार महिने रिकामे बसलेले खलाशी गावाला त्रास देतात. या तपशिलावर मी बराच वेळ रेंगाळलो. राज्य चालवणाऱ्याला किनाऱ्यावरच्या गावाची काळजी होती, किंवा निदान तक्रारींचा अनुभव होता.

मग वाफेची जहाजं आली आणि वाऱ्याची सद्दी संपली, असं आपण शाळेत शिकतो. इतकं सोपं नव्हतं. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझला निघाली. पावसाळ्याच्या बरीच आधी. जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी तिची रचना, आणि एडनपर्यंतचा प्रवास अकरा दिवसांचा. म्हणून जागा मिळेल तिथे कोळसा कोंबला, बोट पाण्यात खोल दबली, आणि एडनला पोचली तेव्हा फक्त सहा तासांचा कोळसा शिल्लक होता. समोरून जुलैचं वारं असतं तर?

१८८८ सालीसुद्धा हीच चर्चा चालू होती. १८ वर्षांचा मोहनदास गांधी विलायतेला निघायला मुंबईत आला, तेव्हा भावाच्या मित्रांनी सांगितलं की जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, पोराचा पहिलाच प्रवास आहे, नोव्हेंबरपर्यंत थांबवा. एक बोट वादळात बुडाल्याची बातमीही कुणीतरी आणली. भाऊ घाबरला आणि त्याला मुंबईत ठेवून परत गेला. त्या रिकाम्या दिवसांत जातीची सभा भरली आणि समुद्र ओलांडला तर वाळीत टाकू, असं ठरलं. ज्याच्याकडे पैसे ठेवले होते त्या मेहुण्याने जातीच्या भीतीने ते द्यायला नकार दिला. शेवटी जुनागढचे एक वकील जाताहेत असं कळल्यावर उसने पैसे घेऊन ४ सप्टेंबरला गांधी निघाले. हवामानामुळे मिळालेल्या उशिरात जातीला सभा भरवायला वेळ मिळाला, हे मला आत्मकथेत आधी कधी जाणवलं नव्हतं. नारळी पौर्णिमा तोवर होऊन गेली होती.

हे सगळं गोळा करून मी एका शनिवारी पनवेलला घरी गेलो. आजी अंगणात आमसुलं निवडत बसली होती. मी नकाशा दाखवला, बाण दाखवले. वरच्या थरातला वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो, तेव्हा विमानाला तो पाठीमागून मदतच करेल, हेही सांगितलं. (हे खरं आहे. पावसाळ्यात खूप उंचावर पूर्वेकडून वाहणारा जोरदार प्रवाह असतो. कोटेश्वरम या आपल्या शास्त्रज्ञाने १९५८ साली त्यावर लिहिलं आहे.)

आजीने चष्मा वर केला आणि म्हणाली, "माझे बाबा किती लांब होते माहितीय? रेवस दिसत होतं."

'रामदास'बद्दल मला माहिती होती, पण ती विकिपीडियावरच्यासारखी. १७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या, गटारी. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट रेवसला निघाली होती. सणासाठी घरी निघालेले गिरणीतले लोक, बाजार करून परतणारे, असे सातशेच्या आसपास प्रवासी. काश्याच्या खडकाजवळ पाऊस-वाऱ्यात लाटेने बोट कलली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईला कळायलाच कित्येक तास गेले. मांडव्याच्या कोळ्यांनी तशा समुद्रात होड्या घालून अनेकांना बाहेर काढलं. चार आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला आणि बातमी मागे पडली.

आजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे वडील परळच्या गिरणीत होते, हे मला ठाऊक होतं. ते 'लवकर गेले' हेही. कसे गेले ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी विचारलंही नव्हतं, आणि पेरिप्लसचं भाषांतर मात्र डाउनलोड केलं होतं. आजीने त्या दिवशी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. ते सापडले नाहीत. आणि तिच्या आईने वर्षभर मासे खाल्ले नाहीत, गावातल्या कितीतरी घरांत तसंच होतं, कारण कुणी कुणाला विचारलं नाही.

पुस्तकं पुन्हा उघडली तेव्हा एक गोष्ट वेगळी दिसली. पावसाळ्यात आपली पश्चिम किनारपट्टी ही वाऱ्याच्या तोंडावरची भिंत असते. भर समुद्रात जहाजाला हलायला जागा असते. किनाऱ्याजवळ नसते. मागून वारा ढकलतो, पुढे खडक, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. म्हणून ग्रीक व्यापारी जुलैत निघायचा पण सप्टेंबरात पोचायचा. म्हणून कोकणातली प्रवासी बोट पावसाळ्यात बंद असायची आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस आजही बंद असतात. आजीचा नियम महासागराबद्दल नव्हताच. तो घर दिसायला लागल्यानंतरच्या शेवटच्या काही मैलांबद्दल होता.

विमानाला हे लागू होत नाही, मला मान्य आहे. तरी मित्रांना फोन केला. एकाने शिव्या दिल्या, एकाने लगेच हो म्हटलं, तिसऱ्याने रजा बदलून मिळते का बघतो म्हणून दोन दिवस टांगून ठेवलं. तारीख बदलायचे माणशी ४,८०० रुपये गेले. आता आम्ही नारळी पौर्णिमेनंतर, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघतोय. धुकं सप्टेंबरपर्यंत असतं, त्यामुळे डोंगर हिरवेच मिळतील. शिडाच्या जहाजाने जायचं असतं तर ही तारीख वास्को द गामाइतकीच मूर्खपणाची होती, पण ते मी घरी बोललो नाही. सुम्हुरामला ४५ मिनिटांऐवजी अर्धा दिवस ठेवलाय.

आजीने नवी तारीख ऐकली आणि आत जाऊन एक नारळ घेऊन आली. तिकडच्या समुद्रात वाहायला. विमानात नारळ नेता येतो का, हे मी फोनवर शोधत होतो, तेवढ्यात सलालाहचे फोटो दिसले. रस्त्याच्या कडेला केळी आणि नारळांचे ढीग लावलेली दुकानं, मागे माड. मी तिला दाखवले.

तिने फोन जवळ घेऊन नीट बघितलं. "आपल्यासारखंच आहे की," म्हणाली. "मग तिथेच घे. पण शेंडीचा घे, ते शहाळं देतील तुला."