मोडीत निघालेलं पातेलं

आमच्या गटातल्या एका ताईंनी आजेसासूबाईंचं पितळी पातेलं मोडीत घातलं. वजनावर! त्यांचंही चूक नाही. कल्हई नसली की पितळेत कढी कळकते, आणि कल्हईवाला आता गावात फिरकत नाही.

मला पुण्याचे दिनकर केळकर आठवले. जन्म १८९६ चा, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करायचे. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी जमवली. अशा वस्तू, ज्यांना तेव्हा कुणी इतिहास म्हणत नसे. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं. तिथे २०,००० च्या आसपास वस्तू आहेत.

अहमदाबादच्या सुरेंद्र पटेलांनी १९८१ साली भांड्यांचंच संग्रहालय काढलं, तेही आपल्या ‘विशाला’ उपाहारगृहाच्या आवारात. जुने हंडे, घागरी बघायच्या आणि तिथेच गुजराती पद्धतीनं बाजरीचा रोटला, गूळ, लोणी खायचं. मला हे जास्त पटतं. काचेमागचं भांडं मुकं वाटतं.

ताईंचं पातेलं अजून दुकानातच आहे म्हणे. बाजाराच्या दिवशी आम्ही तिघी विचारायला जाणार आहोत.