एका शर्यतीच्या सायकलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे देऊळ उभे राहते. काळ्या पाषाणाची जुनी देवळे आपल्याकडे गावोगावी आहेत. आणि भाविकांनी वर्गणी जमवून, मोठ्या श्रद्धेने, त्यांस तैलरंगाचे पुट चढविल्याची उदाहरणेही गावोगावी आहेत. हेतू शुद्ध असतो. परंतु रंग वाळला की देऊळ नवे दिसू लागते व त्याचे वय हरवते. जीर्णाचा उद्धार म्हणजे त्यास पूर्वस्थितीस न्यावयाचे, की आहे त्या स्थितीत जपावयाचे? आणि पूर्वस्थिती म्हणजे तरी नेमक्या कोणत्या दिवसाची? इतिहासाच्या अध्यापकास हे प्रश्न नवे नाहीत. वर्गात त्यांची चर्चा मी अनेक वर्षे करीत आलो आहे. तथापि हात काळे करून त्यांचे उत्तर शोधण्याची पाळी मजवर आली ती एका सायकलीमुळे.

ही सायकल माझ्या मामांची. मी त्यांना पाहिलेले नाही. माझ्या जन्माच्या सुमारासच ते वारले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात ते यंत्रशाळेत होते. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्याने या कोरड्या मुलखात ऊस आला; उसाच्या मागोमाग १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना आला; आणि साखरेच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता तेथे यंत्रेच घडू लागली. अशा ठिकाणी काम करणारा तरुण १९५४ साली शिक्षणासाठी बर्मिंगहॅमला जातो, यात नवल नाही. नवल एवढेच की, तीन वर्षांनी परत येताना त्याने बरोबर आणली ती एक शर्यतीची सायकल, आणि तीही टाइम ट्रायलची.

२०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत आपल्या जिल्ह्यात झाली. पुण्यातील प्रारंभीच्या टप्प्यात स्वार एकेकटे सुटत होते, आणि पुढील एक टप्पा पुरंदरहून बारामतीस आला. तो पाहावयास गेलेला माझा पुतण्या, म्हणजे मामांचा नातू, घरी परतला तो थेट माळ्यावर चढला. संध्याकाळी मला दूरध्वनी आला, “काका, आजोबांची सायकल खाली काढली आहे. तुम्ही या. तिला पुन्हा पहिल्यासारखी करू.” ‘पहिल्यासारखी’ हा शब्द माझ्या मनात तेव्हाच रुतला.

या सायकलीची जात समजण्यास थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १८९४च्या जुलैत इंग्लंडातील एका रस्ता-शर्यतीत स्वारांचा थवा एका घोडागाडीजवळून जाताना घोडा बुजला आणि गाडी व स्वार एकमेकांवर आदळले. त्या काळी सायकलस्वारांविषयी पोलिसांचे मत आधीच वाईट होते. रस्त्यावरील शर्यती पार बंद होण्याचे भय निर्माण झाले. त्या अपघातात सापडलेल्यांपैकीच एक, एफ. टी. बिडलेक, यांनी तोड काढली. सर्वांनी एकदम सुटावयाचे नाही; एकेकाने ठरावीक अंतराने निघावयाचे, घड्याळाने वेळ मोजावयाची, आणि कमी वेळ घेणारा विजयी. १८९५च्या ऑक्टोबरात नॉर्थ रोड क्लबाने अशी ५० मैलांची पहिली शर्यत घेतली. पुढे कित्येक वर्षे या शर्यती जवळजवळ चोरून होत. पहाटेची वेळ, अंगात काळे कपडे, आणि मार्गास गावाचे नाव न देता केवळ सांकेतिक अक्षरे! स्पर्धेतील ही एक विलक्षण शाखा होय. येथे प्रतिस्पर्धी दृष्टीस पडत नाही, कोणाच्या आडोशास राहून वारा चुकविता येत नाही, डावपेच चालत नाहीत. स्वार आणि घड्याळ, एवढेच दोघे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध परिक्रमेत ही पद्धत १९३४ साली शिरली. इंग्लंडात मात्र तीच मुख्य परंपरा ठरली.

जेथे वाऱ्याशी एकट्याने झगडावयाचे तेथे निरुपयोगी असा एक तोळाही सायकलीवर राहू द्यावयाचा नाही, हे ओघानेच आले. मामांच्या काळची अशी सायकल म्हणजे एक सडपातळ चौकट, हलकी चाके, पुढे एकच ब्रेक, आणि मागे ‘फिक्स्ड’ चक्र. यात फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत. दातांच्या चक्रांचे प्रमाण इंग्रज लोक इंचांत सांगत. पुढे ४८ दात, मागे १६, आणि चाक २७ इंची, तर तिप्पट, म्हणजे ८१. उंच चाकाच्या पुरातन सायकलीचे जणू तेवढ्या व्यासाचे चाक झाले, असा त्याचा अर्थ. १९५६च्या ऑगस्टात रे बूटी याने ८४ इंचांच्या एकाच चक्रावर १०० मैल ३ तास ५८ मिनिटे २८ सेकंदांत तोडले. चार तासांच्या आत हे अंतर त्यापूर्वी शर्यतीत कोणीही तोडले नव्हते. हिशेब करून पाहिला तर त्याचे पाय त्या अवधीत सुमारे २४ हजार वेळा फिरले, आणि एकदाही थांबू शकले नाहीत. मामा त्या वेळी इंग्लंडातच होते.

आता आमची सायकल पाहा. चौकटीवर रंगाचे चार थर. मागे दुधाचे कॅन बांधण्याचे जाड सळईचे कॅरिअर, तेही नुसते बसविलेले नव्हे, तर पितळेचा डाग देऊन चौकटीस कायमचे जोडलेले. फिक्स्ड चक्राच्या जागी फ्रीव्हील. चाके आपल्याकडील नेहमीची, २८ इंची, दीड इंच रुंद टायरांची. एवढे रुंद टायर त्या अरुंद चौकटीत मावत ना, म्हणून कोणा कारागिराने मागील दोन्ही नळ्यांस आतून हातोडीने खळगे पाडले होते. हँडलास पालिकेचा पितळी बिल्ला तारेने बांधलेला.

आम्ही ती बारामतीस आणली. येथील एका वृद्ध कारागिराने प्रथम तिला उलटी करून नुसती पाहिली आणि विचारले, “सर, घाई नाही ना?” घाई नव्हती. रॉकेल व पातळ तेल यांत सांधे आठ दिवस भिजले. क्रँकच्या कॉटर पिना ठोकून काढावयास त्याने नकार दिला. ठोकली की पिनेचे डोके पसरते आणि ती अधिकच आवळते. त्याने शिकंज्यात धरून त्या दाबून काढल्या. पायडलांच्या मधला कप उघडताना माझ्या पुतण्याने पान्हा नेहमीच्या दिशेने फिरविला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. इंग्रजी पद्धतीत साखळीच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. पायडलाच्या फेऱ्याने तो सैल होऊ नये म्हणून. जोर केला असता तर चौकटीचे आटे गेले असते, आणि आटे गेले की चौकट गेली.

नवा कप विलायतेहून मागवावा लागेल अशी माझी समजूत होती. तो बारामतीच्या बाजारात, साध्या सायकलीच्या सुट्या भागांत मिळाला! कारण उघड आहे. १९५०च्या आसपास मद्रासेस टी. आय. सायकल्स व आसनसोलला सेन-रॅले यांनी इंग्रजी सहकार्याने सायकली बनविण्यास आरंभ केला, आणि त्यांबरोबर इंचास २४ आटे हे इंग्रजी मापही येथे रुजले. राज्य गेले, आटे राहिले. मधल्या आसासाठी प्रत्येक बाजूस पाव इंची ११ छर्रे लागतात. तेही तेथेच, कागदाच्या पुडीत मिळाले. ज्या कौशल्यास आपण ‘सायकलवाला’ म्हणून हलके लेखतो त्याची परंपरा थोर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात दुकान थाटले ते सायकलींचेच. महाराष्ट्रातील एका मोठ्या यंत्रोद्योगाचे मूळ तेथे आहे.

चौकट खरवडता खरवडता तळच्या थरांतून मूळचा गडद निळा रंग आणि सीट-नळीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ या शिक्क्याचा अर्धा तुकडा दिसला. १९३५ साली निघालेले हे पोलाद. यात मँगनीज व मॉलिब्डेनम असते. नळीच्या भिंती सांध्यांपाशी जाड व मध्ये पातळ, म्हणून बळ राहून वजन घटते. शिक्का पाहताच मुलाचा उत्साह अनावर झाला. कॅरिअर कापून काढावे, खळगे भरून काढावेत, सर्व चौकट भट्टीत नव्याने रंगवावी, आणि मागे आजच्या पद्धतीची अनेक चक्रे बसवावीत, असा त्याने बेत सांगितला. चक्रांचा बेत कारागिरानेच मोडला. जुन्या चौकटीत मागील चाकास जागा ११० मिलिमीटर, नव्यास लागते १३०. पोलाद ताणून फाकविले तर सांध्यांची रेषा बिघडेल. कॅरिअरचा प्रश्न मात्र हत्यारांचा नव्हता.

तो प्रश्न मामींनी सोडविला, किंवा खरे म्हणजे निर्माण केला. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत. सायकलीचे काम कसे चालले आहे हे सांगावयास मी इंदापूरकडे गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, “कॅरिअर काढलेत का रे?” मी म्हणालो, “नाही मामी, अजून नाही. पण ते मूळचे नाही.” त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “तुझे मामा गेल्यावर घर कशावर चालले, ते मूळचे नाही होय?”

१९७२चा दुष्काळ महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी मामींच्या दारी एक म्हैस होती. कालव्याच्या पट्ट्यातील उसाच्या वाढ्यांवर ती जगली. घरचे व शेजारच्या दोघांचे दूध त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा या सायकलीवर घालून पहाटे इंदापुरास नेई. खळगे व डाग त्याच वर्षाचे. मामींनी एक वही काढून दाखविली. तिच्या पहिल्या पानांवर मामांच्या हातचे इंग्रजी आकडे: २५ मैल, १ तास ४ मिनिटे, २५ मैल, १ तास ३ मिनिटे. त्यानंतर बरीच पाने कोरी, आणि मग मामींच्या हातचे मराठी आकडे: लिटर, पैसे, उधारी. वही एकच होती.

परतीच्या वाटेवर मला पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाली. १९१९ साली आरंभिलेले ते कार्य १९६६ साली पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून डॉ. सुखठणकर आदी विद्वानांनी प्राचीनतम असा पाठ सिद्ध केला. पण मागाहून शिरलेले श्लोक त्यांनी नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत, कोठून आले याच्या नोंदीसह, जपून ठेवले. ज्यास आपण प्रक्षिप्त म्हणतो तेही कोणाच्या तरी श्रद्धेने वा गरजेने लिहिलेले असते. संपादकास क्रम लावण्याचा अधिकार आहे. पुसून टाकण्याचा नाही. वर्गात हे वाक्य मी अनेकदा उच्चारले होते. ज्या घराशी त्याचा संबंध यावा ते घर माझेच असेल, असे वाटले नव्हते.

आम्ही असे ठरविले. जे बदल उलट फिरविता येतात तेवढेच करावयाचे. फिक्स्ड चक्र, हलकी चाके व पुढचा ब्रेक बसविला. काढलेली २८ इंची चाके, फ्रीव्हील आणि बिल्ला चिठ्ठ्या लावून पेटीत ठेवले. मूळचा निळा रंग जेथे उरला होता तेथे तो तसाच ठेवून वर मेणाचा हात दिला. उघड्या पोलादास गंज चढू नये म्हणून पातळ रोगण लावले. खळगे भरले नाहीत. अरुंद चाकाशेजारी ते आता अधिकच खोल दिसतात. डाग दिलेले कॅरिअर कापले नाही. पातळ नळीस पुन्हा आच देणे धोक्याचेही होते. सायकल दीडेक शेराने जड राहिली. पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात उत्तम रीतीने सजविलेल्या जुन्या सायकली आहेत. त्यांच्या रांगेत ही विजोड दिसेल, हे मला मान्य आहे. पुतण्यास हा निर्णय प्रथम रुचला नाही. “काका, शर्यतीच्या सायकलीला कॅरिअर! लोक हसतील,” असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही.

मागच्या महिन्यात एका पहाटे, वाहने कमी असताना, तो बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याने निघाला. २५ मैल म्हणजे ४० किलोमीटर. ते अंतर संपते तेथे मी घड्याळ घेऊन उभा होतो. त्यास १ तास २१ मिनिटे लागली. उतरताच पाय लटपटले, कारण फिक्स्ड चक्रावर थांबण्याचीही सवय व्हावी लागते. मग तसेच पुढे मामींकडे गेलो. त्यांनी वही मागितली, आणि दुधाच्या शेवटच्या हिशेबाखाली त्याच्याकडून वेळ लिहून घेतली.