संपणारे खेळ आणि न संपणारे खेळ : दक्षिण कोरियाची तीस वर्षे

१/ ऑनलाइन खेळांमुळे बाकीच्या संगणक-खेळांची हौस आटते का? हा वाद मित्रांच्या प्रत्येक कट्ट्यावर होतो. दक्षिण कोरियात मात्र त्याची परीक्षा एका संपूर्ण देशावर झाली. १९९५ साली तिथले तरुण एकट्याने खेळायच्या कथाप्रधान खेळांवर जीव टाकत होते. पुढच्या आठ-दहा वर्षांत असे खेळ घडवणारा तिथला उद्योग जवळपास नामशेष झाला. हा त्या ऱ्हासाचा आणि पुनरागमनाचा इतिहास.

२/ नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात खेळ पुठ्ठ्याच्या डब्यात मिळत. आत फ्लॉपी किंवा सीडी आणि सोबत एक पुस्तिका. १९९४ मध्ये सोन्नोरी या चमूचा 'अस्टोनिशिया स्टोरी' आला आणि १९९५ मध्ये सॉफ्टमॅक्स कंपनीचा 'द वॉर ऑफ जेनेसिस'. राज्ये, सरदार, फितुरी, मैत्री असा सारा ऐवज त्यांत होता. परदेशी खेळांच्या गर्दीत आपल्या भाषेत बोलणारी पात्रे कोरियन मुलांना प्रथमच इतक्या ठसठशीतपणे भेटत होती.

३/ हे खेळ संगणकावरच का रुजले, याचे कारण राजकीय इतिहासात आहे. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या वसाहतवादी राजवटीखाली होता. स्वातंत्र्यानंतर जपानी सांस्कृतिक उत्पादनांवर दीर्घकाळ निर्बंध राहिले. ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवण्यात आले. त्यामुळे जपानी कन्सोलचा प्रसार तिथे मर्यादित राहिला. 'प्लेस्टेशन २' कोरियात अधिकृतपणे पोहोचला तो थेट फेब्रुवारी २००२ मध्ये. घरातला खेळ म्हणजे संगणकावरचा खेळ, असे समीकरण त्यामुळे पक्के झाले.

४/ पण संगणकावरच्या खेळाला एक जन्मजात धोका होता. सीडीची नक्कल सहज होई. बाजारात चोरट्या प्रतींचा सुळसुळाट होता. त्यातच संगणक-खेळांच्या मासिकांत चढाओढ लागली आणि अंकासोबत संपूर्ण खेळांच्या सीडी फुकट दिल्या जाऊ लागल्या. ग्राहक शहाणा झाला : आज पूर्ण किंमत कशाला मोजायची, काही महिने थांबले तर हाच खेळ मासिकासोबत मिळेल! ऑनलाइन खेळांची लाट येण्यापूर्वीच या उद्योगाच्या पायाला वाळवी लागलेली होती.

५/ एप्रिल १९९६ मध्ये नेक्सॉन कंपनीने 'द किंगडम ऑफ द विंड्स' हा खेळ सुरू केला. प्राचीन कोरियाच्या पार्श्वभूमीवरील एका चित्रकथेवर तो बेतलेला होता. एकाच जगात असंख्य माणसे एकाच वेळी वावरत आहेत, हे त्याचे नावीन्य. तेव्हा जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होत असे. ती संथ आणि खर्चिक होती. त्यामुळे पहिली काही वर्षे हा मोजक्यांचाच छंद राहिला.

६/ मग १९९७ अखेरचे आर्थिक अरिष्ट आले. कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. मोठ्या कंपन्यांत नोकरकपात झाली. नोकरी गेलेल्या अनेकांनी हाती आलेले पैसे एका नव्या धंद्यात घातले : 'पीसी बांग'. कोरियन भाषेत 'बांग' म्हणजे खोली. रांगेने मांडलेले संगणक, वेगवान जोडणी आणि तासावर भाडे. २००० च्या सुमारास देशात अशा वीस हजारांहून अधिक खोल्या होत्या. त्याच सुमारास सरकारने ब्रॉडबँडच्या प्रसाराचा धडाका लावला.

७/ या खोल्यांना गिऱ्हाईक मिळवून दिले ते एका अमेरिकन खेळाने. ब्लिझर्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो 'बॅटल.नेट' या सेवेवर इतरांशी विनामूल्य खेळता येई, आणि सामना थोडक्या वेळात आटोपे. पुढील दशकभरात जगभर खपलेल्या सुमारे ९५ लाख प्रतींपैकी जवळपास ४५ लाख एकट्या दक्षिण कोरियात गेल्या.

८/ इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. 'स्टारक्राफ्ट' हाही डब्यात मिळणारा खेळ होता आणि त्यात एकट्याने खेळायची तीस मोहिमांची सविस्तर कथा होती. पीसी बांगमध्ये मात्र रंगत असत ते सामने. शेजारच्या खुर्चीवर मित्र बसला असताना एकट्याने कथा कोण खेळणार? एकाच डब्यात दोन प्रकारची हौस भरलेली होती; खोलीने त्यांपैकी एक उचलली. खेळ तोच राहिला, खेळण्याची जागा बदलली आणि तिने आवडीलाही वळण लावले.

९/ सप्टेंबर १९९८ मध्ये एनसीसॉफ्टचा 'लिनेज' आला. राज्य हिरावले गेलेला राजपुत्र ही त्याच्या मूळ चित्रकथेची बीजकल्पना. जुन्या पद्धतीच्या खेळात एक खेळाडू तो राजपुत्र झाला असता आणि शेवटी सिंहासनावर बसला असता. 'लिनेज'मध्ये राजपुत्र होणारा खेळाडू स्वतःचा संघ उभारी, इतर त्याच्याशी निष्ठेची शपथ घेत आणि सारे मिळून किल्ल्याला वेढा घालत. किल्ला जिंकणाऱ्याला कर वसूल करता येई. कथेची जागा राजकारणाने घेतली.

१०/ ऑनलाइन खेळाची खरी ताकद इथे दिसते. डब्यातला खेळ संपतो. शेवटचा प्रसंग पाहून खेळाडू पुढच्या खेळाकडे वळतो. 'लिनेज' संपतच नाही. शिवाय वेढ्याच्या रात्री एक जण गैरहजर राहिला, तर नुकसान साऱ्या संघाचे होते. खेळाला बांधिलकीचे रूप येते. अशा खेळाडूची कथाप्रधान खेळांवरची आवड सरलेली नसते. त्याच्या हाती तेवढी संध्याकाळच उरलेली नसते.

११/ आता कंपन्यांचा हिशेब. डबा एकदाच विकला जाई आणि त्याच्या दहा नकला होत. ऑनलाइन खेळात मात्र जग कंपनीच्या सर्व्हरवर असे; सीडीची नक्कल करून आत शिरता येत नसे. दरमहा वर्गणी मिळे. पुढे नेक्सॉनने खेळ फुकट ठेवून आतल्या वस्तू विकण्याची पद्धत रूढ केली. 'मेपलस्टोरी' (२००३) आणि 'कार्टरायडर' (२००४) यांनी ती घराघरांत नेली. चोरीने पोखरलेल्या उद्योगाला हा मार्ग सुटकेचा वाटला, यात नवल नाही.

१२/ मग या हौसेला प्रतिष्ठाही मिळाली. २००० साली 'ऑनगेमनेट' ही केवळ खेळांना वाहिलेली दूरचित्रवाहिनी सुरू झाली. जुलै २००४ मध्ये बुसान शहराच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर 'स्टारक्राफ्ट'चा अंतिम सामना झाला. लाखभर प्रेक्षक जमल्याचे तेव्हा जाहीर झाले. सामना लोकांना पाहता येतो, त्यावर समालोचन करता येते. एकट्याने अनुभवलेल्या कथेसाठी असा किनारा भरणे शक्य नव्हते.

१३/ परिणाम लवकरच दिसले. सॉफ्टमॅक्सने 'द वॉर ऑफ जेनेसिस'चा तिसरा भाग १९९९ आणि २००० साली दोन खंडांत आणला. पुढे तीही कंपनी ऑनलाइन खेळांकडे वळली. सोन्नोरीचा 'व्हाइट डे' २००१ मध्ये आला. रात्रीच्या निर्मनुष्य शाळेत अडकलेल्या विद्यार्थ्याची ती भयकथा. रसिकांनी तिला डोक्यावर घेतले, परंतु चोरट्या प्रतींनी तिचा खप खाल्ला. देशी कथाप्रधान संगणक-खेळांच्या परंपरेचा हा जणू शेवटचा मोठा प्रयत्न ठरला.

१४/ मग गुन्हेगार ऑनलाइन खेळच का? इतिहासात एका कारणावर थांबणे धोक्याचे असते. अमेरिकेतही 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७) आणि 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) गाजले. तरीही २००१ साली तिथे 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' आणि जपानमध्ये 'फायनल फँटसी १०' यांनी खपाचे डोंगर रचले. त्या देशांत कन्सोलची भक्कम बाजारपेठ होती आणि डबा विकत घेण्याची सवय शाबूत होती. ऑनलाइन खेळ तिथे जुन्या खेळांच्या शेजारी येऊन बसले. कोरियात शेजारचे घर आधीच खिळखिळे झालेले होते.

१५/ हौस मेली नव्हती, याचे पुरावेही आहेत. कोरियन चाहते परदेशी कथाप्रधान खेळांचे हौसेने आपल्या भाषेत भाषांतर करत राहिले. आणि बाजारात हरलेला 'व्हाइट डे' विस्मृतीत गेला नाही : २०१५ मध्ये तो भ्रमणध्वनीसाठी नव्याने घडवला गेला, २०१७ मध्ये संगणक आणि कन्सोलवर आला. ज्या खेळाची आठवण चौदा वर्षे टिकते, त्याचा चाहतावर्ग नष्ट झाला असे म्हणता येत नाही.

१६/ समाजाच्या लेखी मात्र 'खेळ' या शब्दाचा अर्थच पालटला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळांपासून रोखणारा कायदा लागू झाला. त्याचा रोख ऑनलाइन खेळांवर होता; एकट्याने, जोडणीविना खेळायचे खेळ त्यातून वगळलेले होते. चिंता करण्याजोगा खेळ म्हणजे ऑनलाइन खेळ, हे कायद्यानेच गृहीत धरले. जानेवारी २०२२ पासून हा कायदा रद्द झाला.

१७/ आणि मग चक्र फिरले. जून २०२३ मध्ये 'डेव्ह द डायव्हर', सप्टेंबर २०२३ मध्ये 'लाइज ऑफ पी', एप्रिल २०२४ मध्ये 'स्टेलर ब्लेड'. तिन्ही मुख्यतः एकट्याने खेळायचे, तिन्ही कोरियन आणि तिन्ही दहा लाखांहून अधिक खपलेले. 'डेव्ह द डायव्हर' नेक्सॉनच्याच घरातला. 'लाइज ऑफ पी' हा ऑनलाइन खेळांवर वाढलेल्या निओविझचा. 'स्टेलर ब्लेड'ची कंपनी भ्रमणध्वनीवरील न संपणाऱ्या खेळांवर उभी राहिलेली. संपणाऱ्या खेळांना पुन्हा भांडवल मिळाले ते न संपणाऱ्या खेळांच्या कमाईतून.

१८/ या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. २०१८ पासून भारतीय तरुणांना वेड लावणाऱ्या 'पबजी मोबाइल'चे मूळ कोरियातलेच. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच्या अवघे काही दिवस आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' कन्सोलवर आला होता. भारतीय पुराणकथांच्या जगात हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा, एकट्याने खेळायची. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा या चमूचा प्रयत्न फसला होता; तरीही खेळ पूर्ण झाला.

१९/ कोरियाच्या अनुभवाचे सार असे सांगता येईल. ऑनलाइन खेळ माणसाची संध्याकाळ घेतो, त्याचे सोबती घेतो आणि कंपन्यांचे भांडवल घेतो. कथेची भूक त्याला घेता येत नाही. पण भूक असूनही स्वयंपाकघर बंद पडू शकते, आणि एकदा विझलेली चूल पुन्हा पेटायला तिथे वीस वर्षे लागली. एखाद्या संपणाऱ्या खेळाची पूर्ण किंमत मोजून ती प्रत घरी नेणारा ग्राहक ती चूल पेटती ठेवत असतो. २००१ च्या कोरियात असे ग्राहक कमी पडले.