येशूच्या कीर्तनाचा पूर्वरंग

तेलीबांधा हे आज रायपूरकरांचं संध्याकाळी पाय मोकळे करण्याचं ठिकाण आहे. तलावाच्या काठाला लोक हौसेनं 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात, तिथेच ८२ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा आहे, आणि चाट-गुपचुपच्या गाड्यांभोवती गर्दी असते. तलावाला लागून जी. ई. रोड जातो. ग्रेट ईस्टर्न रोड असं त्याचं पूर्ण नाव. पश्चिमेला तो दुर्ग आणि राजनांदगाव मागे टाकत नागपूर गाठतो. दुसरी वाट लोखंडाची होती. रायपूरहून धमतरीला जाणारी छोट्या रुळांची गाडी तेलीबांध्याला थांबायची. ते रूळ आता उखडले गेले असून त्या पट्ट्यावरून एक्स्प्रेसवे धावतो.

दोन्ही वाटांच्या टोकाला ख्रिस्ती धर्माची एकेक गोष्ट आहे. धमतरीला १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशनरी आले, ते दुष्काळाचे दिवस होते. पश्चिमेकडची गोष्ट मराठीच्या घरातली आहे. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या गाडीत, १८९३च्या सुमाराला, नारायण वामन टिळक बसले होते. टिळक तेव्हा तिशी ओलांडलेले कवी आणि संस्कृतचे जाणकार होते. धर्मचर्चेची त्यांना विलक्षण ओढ होती, आणि राजनांदगाव संस्थानात त्यांना नोकरी मिळाली होती. डब्यात एक गोरा प्रवासी होता. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्यानं टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं. हा गृहस्थ म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असं पुढे निश्चित झालं.

या प्रवासाला एक जुनी सावली आहे. १८७७ साली कलकत्त्याचा एक चौदा वर्षांचा मुलगा आईबरोबर रायपूरला आला, तेव्हा नागपूरच्या पुढे रेल्वेच नव्हती. तो बैलगाडीनं आला. त्याचं नाव नरेंद्रनाथ दत्त. टिळकांच्या हातात नवा करार पडला त्याच सुमाराला, १८९३ साली, हा नरेंद्र विवेकानंद होऊन शिकागोत बोलत होता. मधल्या काळात दुष्काळाच्या धक्क्यानं नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग झाला आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं तो ताब्यात घेतला. रूळ धान्य वाहण्यासाठी टाकले होते. त्यांवरून धर्मही ये-जा करू लागला.

टिळकांनी तो ग्रंथ आरंभी सवयीप्रमाणे टीकाकाराच्या नजरेनं वाचायला घेतला. पण मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि तिथे ते अडकले. हे तीन अध्याय कसे संपतात ते पाहण्यासारखं आहे. शेवटी दोन घरांचा दाखला येतो, एक खडकावर बांधलेलं आणि एक वाळूवर. ऐकून तसं वागणारा पहिला, नुसतं ऐकणारा दुसरा. ऐकणं आणि वागणं यांतलं हे अंतर पुढच्या साऱ्या कथेत आडवं येणार आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मग ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागले. अनेकांची समजूत अशी की येशूला अभंगात आणि कीर्तनात आणलं ते टिळकांनी. समजूत गोड आहे, पण खरी नाही. टिळक नगरला पोचले तेव्हा तिथे ख्रिस्ती कीर्तनाला तीसेक वर्षं होऊन गेली होती.

त्याच्याही मागे जायचं तर गोव्याला जावं लागतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचं 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि तीही मराठीत. ग्रंथाच्या आरंभीच स्टीफन्स त्याचं निमित्त सांगतो. साष्टीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लोक धर्माचे पाठ शिकत असता एका ब्राह्मण ख्रिस्त्यानं विचारलं, आमची जुनी पुराणं तर सुटली, आता कान कशाला लावायचे? प्रश्न रोकडा होता. धर्म बदलला म्हणून ऐकण्याची भूक बदलत नाही, हे त्या पाद्र्यानं ओळखलं आणि आदामापासून येशूपर्यंतची सारी कथा पुराणाच्या घाटात बसवली. १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषांवर बंदी आणली आणि त्या परंपरेचा कणा मोडला. त्यानंतर 'क्रिस्तपुराण' पुन्हा छापून निघालं ते थेट १९०७ साली, मंगळूरला.

म्हणजे १८६०च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा घाट घेतला, तेव्हा स्टीफन्सची छापील पोथी त्यांच्यासमोर असण्याचा संभव फार थोडा होता. त्यांना आपली वाट स्वतःच काढावी लागली. हे काम ज्यांच्या नावावर आहे ते कृष्णराव रत्नाजी सांगळे. दुर्दैवानं मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना कोपऱ्यातलीच जागा मिळाली.

अडचण साधी होती. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आले. ते बाजारात उभं राहून उपदेश करत. लोक थोडं ऐकत, वाद घालत आणि पांगत. उपासनेत गायची गीतं बरीचशी परदेशी वृत्तांत बसवलेली असत. शब्द मराठी, पण चाल पायाला ठेका देईना. उलट गावात कीर्तन लागलं की तीच माणसं मध्यरात्र उलटेपर्यंत मांडी मोडत नसत. सांगळ्यांनी हा अनुभव उचलला आणि मृदंग, झांज, एकतारीसकट येशूची कथा उभी केली.

यात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती धर्मशास्त्राच्या पुस्तकांत सापडणार नाही. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत महार आणि मांग समाजातून आलेली माणसं बहुसंख्येनं होती. गाणं-वाजवणं त्यांच्या रक्तात होतं, आणि देवळातलं कीर्तन त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभं राहून ऐकलं होतं. आता तेच कीर्तन ते आत बसून ऐकू लागले आणि स्वतः उभं राहून करूही लागले. पापातून सुटका वगैरे पुढची गोष्ट झाली. आधी उंबरठ्यापासूनची सुटका घडली होती.

आता या कलेची बांधणी. नारदीय कीर्तनात नमन होतं, मग पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्यावर निरूपण, मध्ये नामाचा गजर, उत्तररंगात निरूपणाला धरून आख्यान आणि शेवटी आरती. ओवी, साकी, दिंडी, आर्या, कटाव अशा चाली मध्ये पेरलेल्या. ख्रिस्ती मजकूर या घाटात आश्चर्य वाटावं इतका सहज बसला. पूर्वरंगाला शास्त्रातलं वचन घ्यावं, उत्तररंगाला त्यावरची गोष्ट. उधळ्या पुत्राचा दाखला तर आख्यानासाठीच जन्मला असावा. बापाकडून वाटा मागून घेणारा धाकटा, डुकरांपुढची टरफलं, परतीची वाट, आणि दुरूनच दिसताच धावत सुटलेला बाप. वऱ्हाडातला असो की देशावरचा, वाटणीची भांडणं पाहिलेल्या शेतकऱ्याला त्यात काही समजावून सांगावं लागत नाही.

पापाची भाषाही तयार होती. आपण पतित आहोत, आपल्याच्यानं काही होणार नाही, तूच हात दे, हे सांगण्यात वारकरी संतांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, ते याच अर्थानं.

मग अवघड काय होतं? फलश्रुती. जुन्या कीर्तनाच्या आणि पोथीच्या शेवटी श्रोत्याला आश्वासन असतं की हे नुसतं ऐकलं तरी पाप जाईल. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. ख्रिस्ती कीर्तनकाराला हे म्हणता येत नव्हतं. त्याच्या श्रद्धेप्रमाणे पापाची किंमत क्रुसावर एकदाच चुकती झाली आहे. ती कानांनी फेडायची नाही, जपानंही नाही. म्हणजे मधल्या नामगजराचं काम बदललं. तो पाप फेडण्याचं साधन उरला नाही, फिटलेल्या ऋणाची पोच झाला. आणि शेवटी आश्वासनाच्या जागी प्रश्न आला: ऐकलंस, आता उद्या सकाळी कसा वागणार? पौलानं रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात हेच मांडलं आहे. पापाच्या गुलामीतून सुटलेला माणूस मोकाट होत नाही, तो देवाचा चाकर होतो. हे ऐकणाऱ्याला विरोधाभास वाटू शकतो, पण दास्यभक्ती जाणणाऱ्या मराठी श्रोत्याला त्यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं. हनुमंत त्याच्या ओळखीचा होता.

देवाची आज्ञा पाळणं हा विषय कीर्तनाबाहेर कसा दिसतो, त्याचं उदाहरण पुन्हा रायपूरच्याच मुलखात मिळतं. रायपूरच्या ईशान्येला बिश्रामपूर आहे. जर्मन मिशनरी ऑस्कर लोर यांनी १८६८ साली तिथे मिशन उभारलं. आसपास सतनामी समाजाची मोठी वस्ती होती. गुरू घासीदासांनी त्यांना मूर्तिपूजा, दारू आणि मांस सोडायला लावलं होतं. एका देवाला मानणारे हे लोक झटकन येशूकडे येतील, अशी लोर यांची अटकळ होती. तसं झालं नाही. थोडे आले, तेही हळूहळू. जे आले त्यांच्यासाठी १८९० साली 'बिश्रामपूर कलीसिया की विशेष आज्ञाएँ' अशी नियमांची पुस्तिका निघाली. विवाह कसा करायचा, नवरा सोडलेल्या बाईनं बांगड्या भरून दुसरं घर करण्याची चुडीची चाल कशी बंद करायची, असा सारा बंदोबस्त. शिवाय मिशन हेच त्या गावाचं मालगुजार, म्हणजे जमीनमालक. सारा घेणारा आणि पापाची कबुली ऐकणारा एकच म्हटल्यावर देवाची आज्ञा कुठे संपते आणि मालकाची कुठे सुरू होते, हे कुळाला कसं कळावं? पुस्तिका लिहिणाऱ्यांची तळमळ खोटी नसेल, पण कीर्तन ऐकून उठणारा माणूस आणि नियम मोडल्याबद्दल मंडळीसमोर उभा राहणारा माणूस, या दोघांना 'आज्ञा' या गोष्टीची चव सारखी लागणार नाही.

टिळकांचं काम इथे कळतं. कीर्तन त्यांना आयतं मिळालं, त्यात कविता त्यांनी ओतली. मिशनच्या उपासनेत भाषांतरित गीतं त्यांना खटकत. त्यांनी शेकडो अभंग, पदं आणि भजनं लिहिली. 'अभंगांजली'त त्यांतले अभंग आहेत आणि मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांचा मोठा वाटा आहे. या रचनांत येशू न्यायाधीश म्हणून क्वचितच येतो. तो गुरू असतो, सखा असतो, आणि वारकऱ्यांच्या विठाईसारखी आईही होते. आईचं ऐकायला पुस्तिका लागत नाही. पापाची भीती दाखवून माणूस ओढण्यापेक्षा प्रेमाची ओढ लावणं त्यांना जमलं, आणि ते जमण्याचं कारण त्यांच्या छंदात होतं तेवढंच स्वभावातही होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हा माणूस किती लहरी होता ते ठाऊक आहे. पगार हाती आला की वाटेत भेटेल त्या गरजवंताला देऊन मोकळा होणारा, आणि संसार बायकोच्या गळ्यात टाकणारा. लक्ष्मीबाईंनी ते जितक्या विनोदानं सांगितलं आहे, तितकं ते सोसायला सोपं नसणार.

१९१२पासून टिळक 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळत होते. हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झालेलं. मग १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला राहून 'देवाचा दरबार' नावाचा एक बंधुसंघ त्यांनी मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. चर्चमधल्या पुष्कळांना हे पटलं नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसला, ही शंका धर्मशास्त्राच्या अंगानं गैरही नव्हती. पण मिशनच्या पगाराचा आणि येशूच्या चाकरीचा गुंता त्यांना सोडवायचाच होता. राजनांदगावच्या वाटेवर मिळालेल्या पुस्तकातला खडक आणि वाळूचा दाखला त्यांनी, उशिरा का होईना, व्यवहारात लावून पाहिला. त्यासाठी दोन वर्षंही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले.

मागे 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. येशूचं चरित्र ओवीत सांगायचा हा संकल्प स्टीफन्सच्या पुराणाशी नातं सांगणारा होता. आरंभीचे अध्याय लिहून टिळक थांबले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना धड वाचता-लिहिताही येत नव्हतं, आणि नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा काही वर्षं त्या त्याच्यापासून दूर राहिल्या होत्या. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आलं ते १९३८ साली.