‘सारखा’ गळून पडतो तेव्हा

इंग्रजीतल्या उपमा-रूपकांचा माग काढायचा, तर आपल्याला इंग्रजीच्या जन्माआधी, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या ग्रीसमध्ये जावे लागते. ‘रेटोरिक’मध्ये ॲरिस्टॉटलने अकिलीसचे उदाहरण घेतले: तो सिंहासारखा झेपावला म्हटले की उपमा, सिंहच झेपावला म्हटले की रूपक. फरक थोडाच, पण ॲरिस्टॉटलचा कल रूपकाकडे होता. उपमा लांबते आणि ‘हे म्हणजे तेच’ असे म्हणत नाही, ही तिची उणीव. पुढे पहिल्या शतकात रोमच्या क्विंटिलियनने रूपकाला संक्षिप्त उपमा ठरवले.

इंग्रजीचे घरचे वळण मात्र निराळे. इ. स. १०००च्या सुमाराच्या एकाच हस्तलिखितात तगलेले ‘बेओवुल्फ’ आपण उघडले, तर तीन हजारांहून अधिक ओळींत उपमा मोजक्याच सापडतात. समुद्र म्हणजे ‘देवमाशाची वाट’, देह म्हणजे ‘हाडांचे घर’ असे जोडशब्द मात्र जागोजागी. ‘सारखा’ला तिथे थाराच नाही, दोन नामे शेजारी बसली की काम झाले. या जुन्या धीटपणाची सर नंतरच्या पुष्कळ नटव्या कवितेला येत नाही, असे मला वाटते.

अलंकारांचे शास्त्र इंग्रजीत रुळले ते सोळाव्या शतकात. हेन्री पीचमचा ‘द गार्डन ऑफ इलोक्वेन्स’ १५७७चा, जॉर्ज पटनमच्या नावावरचा ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएसी’ १५८९चा. पुढच्याच शतकात वारे फिरले. थॉमस हॉब्जने १६५१ साली रूपकाला भाषेच्या गैरवापरांत बसवले. त्याच ग्रंथाला नाव मात्र दिले ‘लेव्हायथन’, बायबलमधल्या महाकाय जलचराचे, आणि ते लावले राज्यसंस्थेला. रूपक टाळू पाहणाऱ्यालाही ते टाळता आले नाही.

हा धागा हाती लागायला १९३६ उजाडले. ‘द फिलॉसफी ऑफ ऱ्हेटोरिक’मध्ये आय. ए. रिचर्ड्‌सने रूपक हा विचाराचाच व्यापार मानला. रूपकाच्या दोन अंगांना इंग्रजीत सर्वमान्य नावेही नाहीत, याचे त्याला नवल वाटले आणि त्याने ‘टेनर’ व ‘व्हेइकल’ ही नावे दिली. आपल्या अलंकारशास्त्रात उपमेय आणि उपमान शतकानुशतके नांदत होते. १९८०मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’मध्ये रूपकाला कवितेतून उचलून रोजच्या बोलण्यात आणले: इंग्रजी बोलणारा वेळ ‘स्पेंड’ करतो, ‘सेव्ह’ करतो, ‘वेस्ट’ करतो, सगळी क्रियापदे पैशाची. म्हणून आज इंग्रजी रूपक ओळखायला शिकणाऱ्याला ‘लाइक’ आणि ‘ॲज’ आहे की नाही एवढे पाहून भागत नाही; अशी साधी क्रियापदेही तपासावी लागतात.